पथदिव्यांची उतरंड : खांब कुठे थांबतात ते मोजा

रात्री आठनंतर आपल्या गावाच्या मुख्य रस्त्यावरून वस्तीच्या दिशेने चालत जा. एस.टी. स्टँडपाशी दिवे दाट असतात. बाजारपेठेत ते बरे असतात. ग्रामपंचायतीसमोर, देवळासमोर लख्ख उजेड असतो. मग दोन दिव्यांमधलं अंतर वाढू लागतं. एक खांब दिव्याविना, एक दिवा बंद, आणि मग नुसतीच वीजवाहिनी डोक्यावरून पुढे जाते. बहुतेक गावांत आपली वस्ती इथूनच सुरू होते. पूर्वी वेशीवरून कळायचं की गाव कुठे संपतं आणि महारवाडा, मांगवाडा कुठे सुरू होतो. आता वेस पडली, पण खांबांच्या अंतरावरून तेच कळतं.

याला सगळे "नियोजनाचा अभाव" म्हणतात. हे निदान मला अपुरं वाटतं. पथदिव्यांचं नियोजन होतं, त्याचं शास्त्र आहे, मानकं आहेत, तक्ते आहेत. प्रश्न असा आहे की त्या नियोजनात कोणत्या रस्त्याला रस्ता मानलं जातं, आणि वस्तीची गल्ली त्यात कुठे बसते. आपल्या चळवळीने हा विषय वायरमनवर आणि नगरसेवकावर सोडून दिला आहे. तो आपण शिकून घेतला पाहिजे, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

तक्ता काय सांगतो

रस्त्यावर किती उजेड हवा, हे ठरवणारं भारतीय मानक आहे : आय.एस. १९४४. उजेड मोजण्याचं एकक लक्स. एक चौरस मीटर जागेवर किती प्रकाश पडतो, ते यातून कळतं. या मानकात रस्त्यांचे गट पाडले आहेत. वेगवान वाहतुकीचे महत्त्वाचे मार्ग ए-१ गटात येतात आणि त्यांच्यासाठी सरासरी ३० लक्स सांगितले आहेत. शहरातले मिश्र वाहतुकीचे मुख्य रस्ते ए-२ गटात, त्यांना १५ लक्स. बऱ्यापैकी वर्दळीचे दुय्यम रस्ते, बाजारपेठेचे रस्ते बी-१ गटात, त्यांना ८ लक्स. कमी वाहतुकीचे दुय्यम रस्ते बी-२ गटात, त्यांना ४ लक्स.

मग येतो सी गट. त्याची व्याख्या अशी की आधीच्या गटांत न बसलेले निवासी आणि अवर्गीकृत रस्ते. ज्या भागात हे लक्सचे आकडे आहेत, त्याच्या शीर्षकातच मुख्य आणि दुय्यम रस्ते असं लिहिलं आहे. म्हणजे माणसं जिथे राहतात, मुलं जिथे खेळतात, बाई जिथून पहाटे पाण्याला किंवा कामाला बाहेर पडते, तो रस्ता या आकड्यांच्या बाहेर.

वर्गीकरणाच्या बाहेर राहिलेल्यांचं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. त्या उतरंडीत प्रत्येक पायरीला निदान एक जागा असते. जो चातुर्वर्ण्याच्याच बाहेर, त्याला गणतीतच धरलं जात नाही. कार्यालयातल्या तक्त्यात सी गटाच्या गल्लीची अवस्था काहीशी अशीच होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण उथळ टीका आपल्याला परवडत नाही. सगळ्या रस्त्यांना सारखाच उजेड हवा, असं माझं म्हणणं नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रकचालकाला लांबूनच अडथळा दिसला पाहिजे, म्हणून हमरस्त्याला जास्त उजेड लागतो. गल्लीत ३० लक्स ओतले तर लोकांना झोप लागणार नाही. वाहतुकीनुसार फरक करणं हे शास्त्र आहे. पण हे शास्त्र मुख्यतः गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांनी लिहिलेलं आहे. पायी चालणाऱ्याला वेगळं काही दिसावं लागतं. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसावा लागतो. उघडं गटार, साप, तुटलेलं चेंबर दिसावं लागतं. ही गरज वाहनांच्या संख्येतून मोजली जात नाही. ज्यांच्याकडे गाड्याच नाहीत, त्यांचा रस्ता "कमी वाहतुकीचा" ठरतो आणि कमी वाहतूक म्हणजे कमी गरज असा सोयीचा अर्थ लावला जातो.

सरासरीचा खेळ

याच मानकात आणखी एक आकडा आहे, तो आपल्या कामाचा आहे. नुसता सरासरी उजेड पुरेसा नाही, तो सारखा पसरलेला हवा. ए गटाच्या रस्त्यांवर सगळ्यात कमी उजेडाच्या जागी सरासरीच्या किमान ०.४ पट आणि बी गटाच्या रस्त्यांवर किमान ०.३ पट उजेड पाहिजे. सरासरी ४ लक्स असेल तर सगळ्यात अंधाऱ्या ठिकाणीही १.२ लक्स मिळालेच पाहिजेत.

समाजशास्त्र शिकलेल्या कुणालाही यातलं मर्म लगेच कळेल. दरडोई उत्पन्नाची सरासरी जशी अंबानी आणि ऊसतोड कामगार यांना एका ओळीत बसवते, तशीच उजेडाची सरासरी खांबाखालचा लखलखाट आणि दोन खांबांमधला काळोख एकत्र करून अहवालात "समाधानकारक" लिहिते. म्हणून आपला प्रश्न नेहमी तळाच्या आकड्याबद्दल असला पाहिजे. वस्तीत सगळ्यात अंधारी जागा कोणती आणि तिथे किती उजेड आहे? बहुतेक वेळा ती जागा सार्वजनिक शौचालयाची वाट असते.

खांब कुणासाठी उभा आहे?

दिवे मांडण्याचे चार मुख्य प्रकार आहेत, आणि ते रस्त्याच्या रुंदीवरून ठरतात. रस्त्याची रुंदी दिव्याच्या उंचीएवढी किंवा कमी असेल तर एकाच बाजूला खांब पुरतात. रुंदी उंचीच्या दीडपटीपर्यंत असेल तर दोन्ही बाजूंना आळीपाळीने खांब लावतात. त्याहून रुंद रस्त्याला दोन्ही बाजूंना समोरासमोर. मध्ये दुभाजक असेल तर त्यावर दोन हातांचा खांब. दोन दिव्यांमधलं अंतर साधारणपणे दिव्याच्या उंचीच्या तीन ते चार पट ठेवतात. त्याहून जास्त ठेवलं तर मध्ये अंधाराचा पट्टा पडतो.

आता गावातला आपला खांब घ्या. तो पथदिव्यासाठी उभारलेलाच नसतो. तो वीजवाहिनीचा खांब असतो. तार पेलायला दोन खांबांमध्ये चाळीस मीटर किंवा त्याहून जास्त अंतरही चालतं. त्यावर सहा मीटर उंचीवर दिवा लावला, तर नियमाप्रमाणे दुसरा दिवा १८ ते २४ मीटरवर हवा. तो आहे चाळीस मीटरवर. म्हणजे सगळे दिवे चालू असले तरी मध्ये काळोख राहणारच. त्यात एकाआड एक खांबावर दिवा असेल तर अंतर ८० मीटर होतं. इथे दिव्याची जागा माणसाच्या चालण्यावरून ठरलेली नाही, तारेच्या ओढीवरून ठरलेली आहे. आणि तार जाते ग्राहकांच्या मागे. जिथे जोडण्या कमी, घरं छोटी, वाहिनी शेवटची, तिथे खांब विरळ.

शहरी वस्तीत अडचण वेगळी. दोन-अडीच मीटरची गल्ली, दोन्हीकडे भिंती, खाली गटार आणि जलवाहिनी. खांब रोवायला जागाच नसते. मग अधिकारी म्हणतो, "तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही." हे खरं नाही. अरुंद गल्लीत भिंतीवर लोखंडी ब्रॅकेट बसवून चार-पाच मीटर उंचीवर कमी वॅटचा एल.ई.डी. दिवा लावता येतो, आणि १५ ते २० मीटरवर पुढचा. गल्ली वळते तिथे, पायऱ्या असतात तिथे एकेक दिवा लावता येतो. खांबाचा आणि पायाचा खर्चही वाचतो. घरमालकाची लेखी संमती आणि तारेचं नीट इन्सुलेशन एवढं लागतं. हे होत नाही, कारण दहा वॉर्डांसाठी एकच अंदाजपत्रक छापलेलं असतं आणि त्यात फक्त खांबाचा दर असतो.

हायमास्ट : उजेडाचा पुतळा

आपल्या वस्त्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक गोष्ट हमखास आली, ती म्हणजे हायमास्ट. बुद्धविहारासमोर किंवा चौकात उंच खांब, वर गोल चकतीत फ्लडलाइट, खाली आमदाराच्या नावाचा फलक. उद्घाटनाचा फोटो सुंदर येतो. आपले कार्यकर्तेही हायमास्टचीच मागणी करतात, कारण तो लांबून दिसतो.

हायमास्ट वाईट नाही. मोठे चौक, मैदानं, बसस्थानकं, आठवडी बाजार यांसाठी तो योग्य आहे. पण दाटीच्या वस्तीत तो काय करतो, याचं साधं त्रैराशिक मांडू. दिवा १६ मीटर उंचीवर आहे. त्यापासून ५० मीटर अंतरावर तीन मीटर उंचीची घराची भिंत आहे. भिंतीमागे सावली पडेल सुमारे साडेअकरा मीटर लांबीची. भिंतीमागची गल्ली अडीच मीटरची. म्हणजे अख्खी गल्ली सावलीत. शिवाय चौकातल्या झगमगाटातून गल्लीत शिरणाऱ्याचे डोळे दिपलेले असतात, त्यामुळे अंधार आणखी गडद वाटतो. एक दिवा बिघडला तर चकती खाली आणायला विंच लागतो, माणूस लागतो. तो येईपर्यंत महिने जातात.

हायमास्टमधून उजेड कमी आणि श्रेय जास्त मिळतं. गल्लीतल्या वीस ब्रॅकेट दिव्यांवर कुणाच्या नावाचा फलक लावता येत नाही, हीच त्या दिव्यांची राजकीय अडचण आहे.

आणखी एक बोचरी गोष्ट. १४ एप्रिलला आपल्या वस्त्या उजळून निघतात. कमानी, माळा, निळा प्रकाश. ही रोषणाई आपण वर्गणी काढून करतो आणि त्याचा मला अभिमान आहे. पण माळा उतरल्या की तीच गल्ली पुन्हा अंधारात जाते आणि पुढचं वर्षभर आपण गप्प बसतो. जयंतीचा उजेड आपण आपल्या पैशाने आणतो, तर उरलेल्या दिवसांचा उजेड आपल्या कराच्या पैशाने यायला हवा की नको?

कायदा आणि पैसा आपल्या बाजूने आहे

दिवा हा कुणाचा उपकार नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमातही कलम ४९ खाली तेच आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी सुविधांमध्ये पथदिव्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गावात तर ग्रामपंचायत घरपट्टीच्या पावतीवर "दिवाबत्ती कर" असा वेगळा रकाना ठेवते. आपली आई, आपली आजी हा कर भरते. तिच्या दारापुढे दिवा नसेल तर ती भरते तो कर कुणाच्या दिव्यासाठी?

याच्याही वर संविधान आहे. अनुच्छेद १७ सगळ्यांना माहीत असतो. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड आपण कमी वाचतो. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला रस्ते हा शब्द आहे. राज्याच्या पैशातून राखलेल्या रस्त्याच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणावरही निर्बंध असणार नाही. १९२७ साली महाडला आपण सार्वजनिक तळ्याचं पाणी प्यायलो, तेव्हा मुद्दा पाण्याच्या चवीचा नव्हता, सार्वजनिक या शब्दाच्या अर्थाचा होता. आज कुणी पाटी लावून रस्ता अडवत नाही. पण जो रस्ता रात्री मुलीला वापरता येत नाही, ज्यावरून क्लासहून परतताना ती फोनचा टॉर्च लावून जीव मुठीत धरून चालते, तो तिच्यासाठी सूर्यास्तानंतर बंदच असतो. न्यायालयात हा युक्तिवाद किती टिकेल हे वकिलांनी सांगावं. ग्रामसभेत तो नक्की टिकतो.

पैशाचंही तसंच. ग्रामीण भागात अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत राबवली जाते आणि वस्तीचं विद्युतीकरण त्यात बसतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. हा निधी गावाच्या दुसऱ्या टोकाला वळवला जातो, ही तक्रार प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याला पाठ आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाड्याचं भीमनगर झालं, समतानगर झालं. नाव बदललं हे चांगलंच झालं. आता समतानगरच्या खांबांमधलं अंतर आणि पेठेतल्या खांबांमधलं अंतर समान झालं का, हे पाहण्याची वेळ आहे.

एक कायदेशीर फट मात्र ओळखून ठेवा. कर्तव्य आहे ते "सार्वजनिक" रस्त्याबाबत. गायरानावरची वस्ती, खाजगी जागेवरची झोपडपट्टी, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत न चढलेली वाट, इथे अधिकारी म्हणतात की हा आमचा रस्ताच नाही. म्हणून दिव्याच्या मागणीआधी रस्त्याच्या नोंदीची मागणी करावी लागते. नकाशात नसलेल्या गल्लीला अंदाजपत्रकात दिवा मिळत नाही.

"हे काय छोटे प्रश्न घेऊन बसलात?"

चळवळीतले ज्येष्ठ हे विचारतील, आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. अत्याचार, शिष्यवृत्ती, खाजगीकरण, जमीन हे प्रश्न मोठे आहेतच. पण बाबासाहेबांनी विजेला छोटा प्रश्न मानलं नव्हतं. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते. युद्धानंतरच्या वीजविकासाचं धोरण त्यांच्या देखरेखीखाली आखलं गेलं आणि १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, ही त्यांची मांडणी होती. आपण त्यांचं संविधान वाचतो, त्यांचं वीजधोरण वाचत नाही. तांत्रिक विषय म्हणजे दुसऱ्यांचे विषय, हे आपल्या मनात कुणी भरवलं?

दुसरा आक्षेप येतो तो अभियंत्यांचा : खांबाला जात नसते. बरोबर. खांबाला जात नसते, पण खांब कुठे रोवायचा हे ठरवणाऱ्या बैठकीला असते. त्या बैठकीत कुणाच्या दारापासून मोजायला सुरुवात होते आणि निधी कुणाच्या दारापाशी संपतो, हे पाहिलं की पुरे.

आणि उजेडाचा सगळ्यात मोठा हिशेब श्रमाचा आहे. पहाटे शहर झोपेत असताना रस्ता झाडायला जाणारी बाई कोण असते? रात्रपाळीहून परतणारा वॉचमन कोण असतो? ती ३० लक्सचा रस्ता झाडते आणि अंधाऱ्या गल्लीतून घरी येते. शहराच्या उजेडात काम करायचं आणि शहराच्या अंधारात राहायचं, ही वाटणी कुठल्याही प्रकाशशास्त्रात लिहिलेली नाही.

आता करायचं काय

एका रविवारी रात्री वस्तीतली पाच-सहा मुलंमुली एकत्र या. मुली असल्याच पाहिजेत, कारण कुठली वाट टाळावी लागते हे त्यांनाच माहीत असतं. वस्तीचा हाताने नकाशा काढा. प्रत्येक खांबाला क्रमांक द्या. दिवा आहे की नाही, चालू आहे की बंद, पुढच्या दिव्यापर्यंत किती पावलं, ते लिहा. तेच काम पेठेत किंवा शेजारच्या वॉर्डात करा. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप अचूक नसतं, पण एकाच फोनने दोन्हीकडे मोजलं तर तुलना पुरेशी बोलते. दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी ठेवा. त्यानंतर भाषण करावं लागत नाही.

मग माहिती अधिकारात चार गोष्टी मागा. वॉर्डनिहाय पथदिव्यांची यादी, गेल्या तीन वर्षांचा पथदिव्यांवरचा खर्च, देखभालीच्या कंत्राटाची प्रत, आणि वस्तीत झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका. मोजमाप पुस्तिकेत लिहिलेले दिवे आणि तुमच्या नकाशातले दिवे जुळतात का ते पाहा. कंत्राटदाराचा दोष दायित्व कालावधी संपलेला नसेल, तर बंद दिवा त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

शेवटी मागणी नेमकी करा. "वस्तीत लाइट द्या" असं निवेदन दिलं की एक हायमास्ट मिळतो. त्याऐवजी लिहा : शौचालयाच्या वाटेवर पाच मीटर उंचीवर भिंतीवरचे सहा दिवे, कमाल २० मीटर अंतर, बिघाड झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती याची लेखी हमी. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे हा ठराव आधी मंजूर करून घ्या आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद झाली की नाही ते स्वतः वाचा. वीजबिलाचाही प्रश्न विचारा, कारण दिवा लागतो पण ग्रामपंचायतीचं बिल थकलं की वीज तोडली जाते, आणि तेव्हा अख्ख्या गावाचा अंधार होतो.

तथागतांनी स्वतःच स्वतःचा प्रकाश व्हायला सांगितलं. ते मनाच्या मुक्तीबद्दल होतं. ग्रामपंचायतीला दिवाबत्तीच्या जबाबदारीतून मोकळं करण्यासाठी ते नव्हतं. येत्या ग्रामसभेला किंवा वॉर्ड सभेला जाताना हातात निवेदनासोबत नकाशा असू द्या. खांब आपणच मोजले असतील, तर समोरच्याला आकडे फिरवता येत नाहीत.

जय भीम.